तोंड फिरवून दोनदा शिंकावे

सातव्या पेपराला गिरधर हसला. एकटाच हसला असता तर काही बिघडलं नसतं. पण शनिवारची अर्धी शाळा सुटलेली, शिक्षकांच्या खोलीत सहा-सात जण चहाची वाट बघत बसलेले, बाहेर एप्रिलचं ऊन नंदुरबारच्या पत्र्यांवर तडतडत होतं, आणि अशा वेळी हसू काही माणसाला खिशात घालून ठेवता येत नाही. त्यानं नववीचा शास्त्राचा पेपर छातीसमोर धरला आणि रेडिओवर बातम्या देतात तशा आवाजात वाचला, "प्राणवायू तयार करण्याची कृती. कडक काचेच्या परीक्षानळीत पोटॅशियम क्लोरेट व मँगनीज डायॉक्साइड यांचे मिश्रण घ्यावे. नळी स्टँडला तिरपी अडकवावी. नंतर तोंड डावीकडे फिरवून दोनदा शिंकावे, नाक बाहीला पुसावे, व स्पिरिटचा दिवा पेटवावा." झालं. चित्रकलेचे मास्तर टेबलावर कपाळ आपटून हसले, भूगोलवाल्यांना ठसका लागला, आणि कोणीतरी म्हणालं, अजून वाचा राव. गिरधरनं आठवा पेपर काढला. त्यातही शिंक. नवव्यात शिंक. पुढं तर त्याला भरच आला, तो नुसता पेपर उलगडायचा आणि सगळे मिळून "दोनदा शिंकावे" म्हणायचे, कीर्तनात टाळकरी धरतात तसं. शिंकेच्या अकराव्या पेपराला मात्र कोणी साथ दिली नाही. गिरधरनं मान वर केली तर दारात हेडमास्तर उभे.

हेडमास्तर चुनीलाल शाह म्हणजे काळा कोट, काळी टोपी, आणि त्या कोटाच्या प्रत्येक खिशात एकेक योजना. स्वच्छ नखे योजना, मौन मंगळवार योजना, घड्याळ ओळखा योजना. ते हसत नसत असं नाही. हसण्यासाठी त्यांना आधी कारण लेखी लागायचं. "किती पेपर?" त्यांनी विचारलं. अकरा, गिरधर म्हणाला. "कोणाची मुलं?" वसतिगृहातली, सर. डोंगरावरची. हेडमास्तरांनी टोपी सरळ केली. "अकरा मुलं एकाच जागी दोनदा शिंकतात, पाटील सर, याला शास्त्रात काय म्हणतात मला ठाऊक नाही. शाळेत याला सामूहिक कॉपी म्हणतात. सोमवारी अकरा वाजता अकराही नावं पटावरून कमी." आणि ते गेले. चहा आला, पण कोणी फुर्र करून प्यायला नाही. पटावरून नाव गेलं की वसतिगृहातली जागा गेली, जागा गेली की पोरगा बापाच्या मागं गुजरातेत ऊस तोडायला गेला, आणि तिथून शाळेत परत आलेला पोरगा आजवर तरी कोणी पाहिला नव्हता. हे सगळ्यांनाच माहीत होतं. सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं.

गिरधर गठ्ठा काखेत मारून घराकडे निघाला. मनाशी म्हणाला, आता आपण काय करणार, नियम तो नियम. कॉपी केली तर भोगतील. पण तो स्वतःशी नीटसं भांडत नव्हता. जेवून उठलेला माणूस भांडतो तसं, सैल. मिरची बाजाराच्या कडेनं तो चालत होता. हंगाम संपत आलेला, तरी पथाऱ्यांवर शेवटचा माल वाळत पडला होता. लांबच लांब पसरलेली लाल जमीन, बायका लाकडी दाताळ्यानं मिरच्या उलथ्यापालथ्या करत होत्या, आणि वाऱ्याबरोबर तो जुना, गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा खाट, मिरचीचा खकाणा, उठत होता. गिरधरला शिंक आली. त्यानं तोंड फिरवलं. दुसरी आली. त्यानं बाहीला नाक पुसलं आणि चालू लागला, आणि चार पावलांवर थांबला. त्यानं डावी बाही बघितली. मग आपण तोंड कुठं फिरवलं होतं ते बघितलं. डावीकडे. काखेतला गठ्ठा एकदम ओल्या पोत्यासारखा जड झाला.

पंचावन्न साल. गिरधर दहावीत. प्रकाशा गावाहून शिकायला नंदुरबारला आलेला, मावशीकडे राहणारा, वर्गात पहिला, आणि पहिल्या नंबराच्या पोरांना असतं तसं तोंडावर एक तेलकट तेज. त्या वर्षी हेडमास्तरांनी, तेव्हाही हेच, फक्त टोपी नवी, जोडीदार योजना काढली. हुशार मुलानं एका कच्च्या मुलाला धरायचं आणि पास करून सोडायचं. फळ्यावर गिरधरच्या नावापुढं लिहिलं होतं: दिवाल्या, नववी, वसतिगृह. गिरधरनं बघितलं तर दिवाल्या त्याच्याहून वीतभर उंच, मिसरूड फुटलेला, आणि मराठी कशी बोलायचा तर प्रत्येक शब्द आधी हातात घेऊन, वजन बघून, मग तोंडात टाकायचा. सातपुड्यातून दोन दिवस चालत शाळेला आलेला. गिरधर त्याला घरी घेऊन गेला तर मावशीनं, फुलवंताबाईनं, उंबऱ्यातच हात आडवा केला. फुलवंताबाईचं मन मोठं होतं, पण ते उंबऱ्याच्या बाहेर मोठं होतं. "घरमा कसाले? तठे पथारीवर बठा दोन्ही. मोकळी हवा शे." मोकळी हवा! तिची स्वतःची मिरचीची पथारी, पौष महिन्याचा ऐन हंगाम, पन्नास बायका सकाळपासून मिरच्या निवडतायत, आणि त्या हवेत प्राणवायू शिकायचा.

प्रयोगशाळा कुठली आणायची? गिरधरनं एक लांब वाळकी मिरची घेतली, ही परीक्षानळी. मावशीचा तांब्या, ही पाण्याची द्रोणी. काडेपेटी, हा दिवा. आणि तो शिकवू लागला. आज आठवताना त्याला आपलाच लहानपणीचा आवाज ऐकू आला, किनरा, मोठ्या माणसाची नक्कल करणारा, आणि अंगावर काटा आला. मिश्रण घ्यावे. नळी तिरपी अडकवावी. हातातली मिरची तिरपी केली की तिचं बी सांडायचं, खाट नाकात जायचा, आणि हटकून दोन शिंका. रोज. मग बाही. मग दिवा पेटवावा. समोर मांडी घालून बसलेला दिवाल्या ओठ हलवत सगळं मनात घेत होता, आणि गिरधर शिंकला की तोही शिंकायचा. दोनदा. गिरधरला वाटायचं, त्यालाही मिरची लागली. आपल्यासारखीच लागली म्हणून उलट बरंच वाटायचं. ज्या हवेत दोघंही सारखेच लाल डोळ्यांचे होतात तिथं उंबऱ्याचं काही आठवत नाही. एकदा फुलवंताबाई कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली आणि म्हणाली, "काय रे गिरधर, तू त्याले शिकाडी ऱ्हायना का सर्दी वाटी ऱ्हायना?" त्यावर दिवाल्या पहिल्यांदा हसला. केवढे पांढरे दात! वार्षिक परीक्षेत तोंडी घ्यायला बाहेरचे परीक्षक आले. दिवाल्यानं खरी नळी खऱ्या स्टँडला तिरपी अडकवली, तोंड डावीकडे फिरवलं, दोन स्वच्छ, कोरड्या, मोजून-मापून शिंका दिल्या, नाक पुसलं आणि दिवा पेटवला. परीक्षक म्हणाले, "सर्दी झाली का रे?" दिवाल्या म्हणाला, "नाही सर, शिंकून झालं." त्यांनी पैकीच्या पैकी दिले. गिरधर खिडकीशी उभा राहून हे बघत होता, आणि त्याला फक्त एवढंच वाटलं होतं की बिचाऱ्याला नेमकी आजच शिंक यावी. अकरा वर्षं त्याला एवढंच वाटत राहिलं होतं.

योजना दोन वर्षांत बंद पडली. गावातल्या पालकांनी तक्रार केली की आमची पोरं दुसऱ्याच्या पोरांपायी मागं पडतात. गिरधर जळगावला जाऊन बी.एस्सी. झाला, बी.टी. झाला, आणि याच शाळेत शास्त्र शिकवायला परत आला. दिवाल्या ट्रेनिंग करून वसतिगृहाचा गृहपती झाला होता. रस्त्यात भेटले की दोघं थांबत, हसत, काय चाललंय म्हणत, आणि काही न सांगता पुढं जात. एखाद्याचं आपल्यावर प्रेम आहे हे माहीत असलं की माणूस त्याच्याकडे जायचं राहून राहून टाळतो. रविवारी सकाळी मात्र गिरधरला जावं लागलं. तोवर त्यानं स्वतःला तीन वेळा पटवलं होतं की गप्प बसावं. बोललो तर काय होईल? उद्यापासून अख्खं नंदुरबार आपल्याला शिंकमास्तर म्हणेल. वर्गात पाठ फिरली की मागून शिंक येईल. बायकोला बाजारात बायका विचारतील, सर्दी कशी आहे. आणि गप्प बसलो तर? तर अकरा पोरं जातील. एका पारड्यात अकरा पोरं आणि दुसऱ्यात एक टोपणनाव, एवढा सोपा हिशोब. तरी रात्रभर काटा जागचा हलला नव्हता, याचीच त्याला लाज वाटत होती.

दिवाल्या वसतिगृहाच्या अंगणात, गंजीफ्रॉकवर, सूप घेऊन ज्वारी पाखडत बसला होता. "ये गिरधरभाऊ," तो म्हणाला, आणि आतून स्वतः खुर्ची आणली. एकच खुर्ची होती. गिरधर तिच्यावर न बसता खाली बसला, तेव्हा दिवाल्याही खाली बसला, आणि खुर्ची दोघांच्या मधे तिसऱ्या माणसासारखी बसून राहिली. गिरधरनं घरची भाषा काढली, कारण शाळेच्या भाषेत हे विचारताच येण्यासारखं नव्हतं. "दिवाल्या, ती शिंक कृतीमा नही शे, हाई तुले माहीत व्हतं का?"

दिवाल्यानं सूप खाली ठेवलं. "पहिलं वरीस नव्हतं. सुट्टीमा घर गयू, डोंगरमा एकटा बठीसन पाठ करू, तं शिंकच ये नही. तठे हवा स्वच्छ. मी नाकमा गवतनी काडी घालू. मले वाटे, आपलं शास्त्र कच्चं शे."

"आनि मंग कव्हय समजनं?"

"ट्रेनिंगले. तठे सरनी पुस्तक वाचं. त्यामा शिंक नव्हती." तो थांबला. "दोन महिने मी पुस्तकच चुकेल शे असं समजू. गिरधरभाऊ कसाले चुकी, असं वाटे."

गिरधरला खाली बघावं लागलं. मातीत मुंग्या ज्वारीचा एक दाणा घेऊन चालल्या होत्या, सहा जणी मिळून, सहा दिशांना. "मंग समजनं तरी पोऱ्यासले कसाले शिकाडं?" त्यानं विचारलं, आणि आवाजात थोडा मास्तर आलाच.

"हसाडाले," दिवाल्या म्हणाला. "पोऱ्या डोंगरमाइन येतस. मराठी परकी, शास्त्र परकं. सांगाले लागं की डोळा मिटतस. शिंक उनी की हसतस. हसनात की ध्यानमा ऱ्हास. नळी तिरपी, मंग शिंक, मंग दिवा. आधी कोनी दिवा पेटाडत नही. वसतिगृहमा एकच नळी शे, सात वरीस व्हयनात, फुटनी नही." त्याच्या बोलण्यात बढाई नव्हती, घरातली जुनी म्हैस अजून दूध देते असं सांगावं तसं तो सांगत होता. "पेपरमा लिखू नका, असं मी दर वरीस सांगे. पन आते मी शिकाडत नही ना. दहावीनं पोऱ्या नववीले शिकाडस. तुम्हनी शाळानी जोडी बंद कयी, आम्हनी नही कयी. यंदा दहावीवाला तेवढंच सांगाले इसरना." मग त्यानं पुन्हा सूप उचललं, पाखडायला नव्हे, धरायला काहीतरी हवं म्हणून. "उद्या मी येस हेडमास्तरकडे. मन्ही चूक शे म्हनी सांगस."

"तू येवू नको," गिरधर म्हणाला. ते शब्द आपण म्हणालो हे त्याला म्हटल्यावर कळलं. रात्रभर न हललेला काटा कुठं गेला, कसा गेला, काही आवाज झाला नाही.

सोमवारी अकराला पाच मिनिटं असताना हेडमास्तरांच्या खोलीबाहेर अकरा पोरं भिंतीला लागून उभी होती. धुतलेले शर्ट, तेल लावून बसवलेले केस, पायात काही नाही. त्यातला जान्या म्हणून एक काटकुळा, ज्याच्या पेपराला गिरधर पहिल्यांदा हसला होता, तो भिंतीवरच्या जगाच्या नकाशात काहीतरी शोधत होता; सुरतेच्या आसपास. गिरधर आत गेला आणि उभ्यानंच सगळं बोलला. पथारी, मिरची, तांब्या, डावी बाही. बोलताना त्याचे कान इतके तापले की त्यांच्यावर प्राणवायू तयार झाला असता. सांगून झाल्यावर तो हसण्याची वाट बघत राहिला.

हेडमास्तर हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं. डोकं लहान आणि पोरसवदा होतं. "म्हणजे," ते हळू म्हणाले, "योजना अजून चालू आहे?"

"हो सर."

"मी बंद केल्यावरसुद्धा?"

"नऊ वर्षं, सर."

हेडमास्तरांनी खिडकीकडे तोंड केलं आणि बराच वेळ रुमालानं चष्मा पुसला, तो डोळ्यांवर असतानाच. त्यांच्या पंचवीस-तीस योजनांमधली एक जिवंत निघाली होती. पण माणूस नियमाचा. त्यांनी टोपी घातली आणि टोपीबरोबर हेडमास्तर परत आले. "हे तुम्ही सांगता. पुरावा काय? तुम्ही भल्या मनानं पोरांना वाचवत नसाल कशावरून? असं करू. अकरा मुलं आणि तुम्ही, बारा जण, आत्ता, माझ्यासमोर कृती लिहा. पंचावन्न साली शिकवलीत तशीच्या तशी. तुमचं आणि त्यांचं तंतोतंत जुळलं तर मूळ तुम्ही. नाही जुळलं तर कॉपी. एका शब्दाचा फरक चालेल, ओळीचा नाही."

प्रयोगशाळेत सहा बाकं. बारा जण दोन-दोन बसले. गिरधरच्या वाट्याला जान्याचं बाक आलं. मांडीएवढ्या उंचीचं ते बाक, गुडघे वर, हातात टाक, समोर कोरा कागद. त्याला कित्येक वर्षांत कोणी असं बसवलं नव्हतं. शेजारून खोबरेल तेलाचा आणि भीतीचा वास येत होता. हेडमास्तर हात मागं बांधून फेऱ्या मारू लागले. गिरधर लिहू लागला. मिश्रण घ्यावे. नळी तिरपी. तोंड डावीकडे फिरवून दोनदा शिंकावे. स्वतःच्या अक्षरात ते वाक्य बघताना त्याला हसू आलं. नाक बाहीला पुसावे. दिवा पेटवावा. पहिले बुडबुडे जाऊ द्यावेत, मग पाण्याने भरलेले वायुपात्र पालथे ठेवावे. पात्र भरल्यावर निखारा असलेली काडी आत धरावी, ती भडकून पेटते. दिवा विझवावा. त्यानं पूर्णविराम दिला, टाक खाली ठेवला आणि सुटल्यासारखा श्वास घेतला. मग त्याच्या लक्षात आलं की खोलीत अजून आवाज येतोय. कुरुकुरु, कुरुकुरु. अकरा टाक चालूच होते.

आणखी काय लिहितायत? कृती तर संपली. शनिवारी आपण हे पेपर शिंकेच्या पुढं वाचलेच नव्हते! शिंक आली, हसलो, गुण घालायचे राहिले. पुढं त्यांनी काय लिहिलंय आपल्याला माहीतच नाही. दिवाल्यानं कधीतरी काही घातलं असेल, स्वतःचं, सात वर्षांत. एक ओळ. एका ओळीचा फरक, आणि ही पोरं त्या नकाशातल्या सुरतेला. गिरधरनं आजवर शेकडो पोरांच्या माना सरळ केल्या होत्या, "स्वतःच्या कागदात बघ" म्हणून. आता त्याची स्वतःची मान, त्याला न विचारता, हळूहळू उजवीकडे वळू लागली. दिसत नव्हतं. जान्यानं परीक्षेतल्या सगळ्या पोरांसारखं कोपर आडवं टाकून कागद झाकला होता. हेडमास्तर खोलीच्या त्या टोकाला पोचून वळायच्या बेतात होते. जान्या मान खाली घालून लिहीत होता. त्यानं वर बघितलं नाही, ओठसुद्धा हलवला नाही. फक्त, डास चावल्यासारखा दंड खाजवायला म्हणून, त्यानं कोपर उचललं, आणि पुन्हा ठेवलं तेव्हा ते कागदाच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं.

दिवा काढण्याआधी नळीचे तोंड पाण्यातून बाहेर घ्यावे, नाहीतर पाणी उलटे चढून गरम नळी फुटते. गिरधरनं वाचलं. चार वर्षांत वर्गाला कृती दाखवताना त्याच्या चार नळ्या फुटल्या होत्या, दर वर्षी एक, आणि दर वर्षी त्यानं काचेच्या दुकानदाराला कडक पत्र लिहिलं होतं. त्यानं 'दिवा विझवावा' खोडलं आणि जान्याची ओळ उतरून घेतली, घाईनं, मान खाली घालून, कोपरानं कागद झाकून.

हेडमास्तरांनी बारा कागद गोळा केले, टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि चष्मा कपाळावर चढवून एकेक ओळ बोटानं जुळवली. शेवटी ते सरळ झाले. "बाराही अगदी सारखे," ते म्हणाले. "म्हणजे कॉपी झालेली नाही. जा वर्गात."

पोरं दारातून एकमेकांना ढकलत बाहेर पडली. व्हरांड्याच्या टोकाला गेल्यावर त्यांचा एकदम आरडाओरडा ऐकू आला. जान्या मागं रेंगाळला होता. गिरधर त्याच्यापाशी गेला. काहीतरी म्हणायला हवं होतं, आभार, किंवा निदान रागावल्यासारखं काही. शास्त्राच्या मास्तरांना अशा वेळी काय म्हणायचं हे बी.टी.ला शिकवलेलं नव्हतं. जान्यानं इकडं तिकडं बघितलं, जवळ कोणी नाही याची खात्री केली आणि दबक्या आवाजात, एकेक शब्द वजन करून, म्हणाला, "सर, पुढल्या वेळेस पाठ करून या. दर वेळेस माझ्याजवळ बाक मिळणार नाही."

"हो," गिरधर म्हणाला.